रस्त्यावर येण्याचे स्वातंत्र्य

अल्बर्ट ब्रूक्स या दिग्दर्शकाचा ‘लॉस्ट इन अमेरिका’ हा चित्रपट १९८५ साली आला. लॉस एंजेलिसमधल्या जाहिरात कंपनीत काम करणाऱ्या डेव्हिडला हवी ती बढती मिळत नाही. रागाच्या भरात तो साहेबाला नको ते बोलतो आणि नोकरी घालवून बसतो. मग बायकोलाही, लिंडालाही, राजीनामा द्यायला लावतो. दोघे सगळे विकतात, विनेबेगो बनावटीचे मोटरहोम घेतात आणि पुंजी गाठीला बांधून देश पाहायला निघतात. पहिलाच मुक्काम लास व्हेगासला. त्या रात्री लिंडा जुगारात जवळजवळ सगळी पुंजी घालवते. पुढे ॲरिझोनातल्या एका लहान गावात डेव्हिड शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देण्याचे काम करतो, लिंडा खाण्याच्या दुकानात लागते, आणि थोड्याच दिवसांत ते जोडपे तेच मोटरहोम हाकत न्यूयॉर्कला जाते. कशासाठी, तर गमावलेली नोकरी परत मागायला.

चित्रपट विनोदी आहे, पण त्यातला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नोकरी आणि घर सोडायला जे धाडस लागते ते या दोघांकडे भरपूर होते. तरीही त्यांचा प्रवास सुरू होण्याआधीच संपला. याचा अर्थ धाडस पुरत नाही. मग काय लागते?

आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर. स्वतःचे इंजिन असलेले मोटरहोम, नाहीतर ट्रकमागे जोडून ओढायचा ट्रेलर. आत पलंग, ओटा, फ्रीज, संडास-न्हाणी. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात या वाहनांचे कारखाने एकवटलेले आहेत, आणि करोनाच्या काळात, २०२१ साली, या उद्योगाने सहा लाख वाहने विक्रीला पाठवून स्वतःचा विक्रम मोडला. बहुतेक वाहने सुटीपुरती वापरली जातात. काही लोक मात्र बारा महिने त्यातच राहतात. त्यांना तिकडे फुल-टायमर म्हणतात. त्यांत निवृत्तांचा भरणा मोठा आहे, पण मला इथे विचार करायचा आहे तो पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या जोडप्याचा. मुले कॉलेजात गेली आहेत, नोकरीचा कंटाळा आला आहे, हातपाय धड आहेत आणि निवृत्तीला अजून दहा-पंधरा वर्षे आहेत. अशी जोडपी घर विकून निघतात तेव्हा त्यांची कहाणी नेहमी हिमतीची म्हणून सांगितली जाते. माझे म्हणणे असे की या जगण्यात हिमतीचा वाटा लहान आहे. ते उभे राहते कायद्यावर, सार्वजनिक जमिनीवर, हाताला असलेल्या कसबावर आणि एका जागी स्थिर राहणाऱ्या असंख्य लोकांच्या श्रमावर. हे ज्यांना निघण्यापूर्वी कळते ते टिकतात.

आधी वयाचा हिशेब पाहू. अमेरिकेत उतारवयाच्या सुरक्षिततेला तीन दरवाजे आहेत. निवृत्तीच्या खात्यातले पैसे दंडाशिवाय काढायचे तर काही अपवाद वगळता वय साडेएकोणसाठ पूर्ण असावे लागते. त्याआधी काढले तर कराशिवाय काढलेल्या रकमेवर आणखी १० टक्के दंड. सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन लवकरात लवकर ६२ व्या वर्षी सुरू होते, तेही कमी दराने. आणि मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळतो ६५ व्या वर्षी. पन्नाशीत निघालेले जोडपे या तिन्ही दरवाजांच्या बाहेर उभे असते. त्यामुळे त्यांना कमवत राहणे भाग आहे. त्यांचे पाऊल नोकरीतून निवृत्तीत पडत नाही, एका धंद्यातून दुसऱ्या, बहुधा कमी पैशांच्या, धंद्यात पडते.

त्यातही विम्याचा दरवाजा सर्वांत जड. अमेरिकेत कामकरी वयातल्या बहुतेकांचा आरोग्य विमा नोकरीला जोडलेला असतो. नोकरी सोडली की साधारण १८ महिने तो चालू ठेवता येतो, पण मालकाचा हिस्साही आपणच भरायचा. एकेकाळी त्यानंतर स्वतःहून विमा घ्यायला गेलेल्या मधुमेही किंवा कर्करोगातून उठलेल्या माणसाला कंपनी सरळ नकार देऊ शकत असे. ओबामांच्या काळात, २०१० साली, झालेल्या कायद्याने २०१४ पासून हा नकार बंद केला. पन्नाशीत नोकरी सोडणे निदान विचारात घेता येईल इतके शक्य झाले ते या एका तरतुदीमुळे. तरीही पेच राहतोच. हा विमा ज्या राज्यात तुमचा कायमचा पत्ता त्या राज्यातला, आणि त्याच्या यादीतले डॉक्टर बहुधा तिथलेच. माणूस फिरतो, विमा फिरत नाही. मोन्टानाच्या डोंगरात पित्ताशय दुखू लागले तर तातडीचे उपचार होतील. पुढची तपासणी आणि पुढचे औषधपाणी यांसाठी मात्र हजार मैल मागे जावे लागेल.

मग टिकतात ते कोण? जो आणि के पीटरसन या जोडप्याचे उदाहरण आरव्हीच्या जगात सर्वांना माहीत आहे. जो इलेक्ट्रिशियन, के नर्स. १९७० साली ते ट्रेलर घेऊन निघाले. म्हातारपणाची वाट न पाहता, काम करत करत. पुढे १९७८ मध्ये त्यांनी ‘एस्केपीज’ हा आरव्हीत राहणाऱ्यांचा क्लब काढला आणि टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन गावी त्याचे ठाणे वसवले. त्यांच्या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्यांचे दोन व्यवसाय. तारा जोडणारा आणि रुग्णांची शुश्रूषा करणारी, या दोघांची गरज नाही असे गाव सापडणे कठीण. आजही या जीवनाला सर्वांत सोयीची नोकरी म्हणजे फिरत्या नर्सची. करार साधारण १३ आठवड्यांचा, आणि पुष्कळ राज्यांनी आपसात करार करून एकमेकांचा नर्सिंग परवाना मान्य केलेला. डेव्हिडचे कौशल्य, म्हणजे वरिष्ठांच्या बैठकीत जाहिरातीची कल्पना विकणे, कार्यालयाच्या भिंती उभ्या असतील तोवरच कौशल्य होते. ॲरिझोनातल्या गावात त्याची किंमत शून्य झाली. मधल्या वयात धंदा बदलू पाहणाऱ्याने बँकेतली शिल्लक मोजण्याआधी हे तपासावे, की अनोळखी गावात उतरल्यावर आठवडाभरात आपल्या हाताला कोणी काम देईल का.

घरून काम करण्याची मुभा आणि २०२२ पासून आरव्हीसाठी वेगळे मिळू लागलेले स्टारलिंकचे इंटरनेट यांनी बैठी कसबेही फिरती झाली, हे खरे. पण ही मुभा मालकाच्या मर्जीची आहे. करोनानंतर कितीतरी कंपन्यांनी लोकांना कार्यालयात परत बोलावले. मालकाने हाक मारताच ज्याला परतावे लागते त्याचे स्वातंत्र्य रजेच्या अर्जाइतकेच.

घराचा हिशेबही उलटा होतो. अमेरिकेच्या कर खात्याच्या लेखी झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेले वाहन घर ठरू शकते आणि त्याच्या कर्जावरच्या व्याजाला सवलत मिळू शकते. बाजार मात्र त्याला वाहनच मानतो. दुकानातून बाहेर पडले की किंमत उतरू लागते. काही खासगी आरव्ही पार्क दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आत घेत नाहीत. मोठे मोटरहोम एका लिटरला तीन-चार किलोमीटर जाते. म्हणजे वाढत जाणारी मालमत्ता विकून घटत जाणारी घेतली, असा हा व्यवहार. परतायचे ठरले तर पाच-सात वर्षांनी पूर्वीच्याच मोहल्ल्यात घर घेणे परवडेलच असे नाही. म्हणून घर विकावे की भाड्याने द्यावे हा निर्णय साऱ्या मोहिमेत सर्वांत वजनदार, आणि तो बहुधा पहिल्या उत्साहात घेतला जातो.

इथे चित्राची दुसरी बाजू पाहावी लागते. पत्रकार जेसिका ब्रूडर यांचे ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ साली आले आणि त्यावरच्या क्लोई झाओ यांच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. नेव्हाडातले एम्पायर हे जिप्समच्या कारखान्याभोवती वसलेले गाव. २०११ साली कारखाना बंद पडला, लोक पांगले आणि टपाल खात्याने गावाचा पिनकोडच रद्द केला. चित्रपटाची नायिका त्या गावची. २००८ च्या मंदीत घर आणि बचत गमावलेली, साठीच्या घरातली माणसे व्हॅनमध्ये राहू लागली आणि हंगामी कामे करू लागली. ॲमेझॉनने त्याच साली नाताळाच्या गर्दीसाठी आरव्हीवाल्यांची खास भरती सुरू केली होती. नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवर, रेड नदीच्या खोऱ्यात, ऑक्टोबरात साखरेच्या बीटाचा हंगाम असतो. बारा बारा तासांच्या पाळ्या, थंडी, चिखल, आणि ट्रकमधून येणारे बीट रचणाऱ्या यंत्रांपाशी दिवसभर उभे राहणे. तिथेही आरव्हीतली जोडपी कामाला येतात. गाडी लावायला जागा आणि वीज-पाणी कंपनी देते.

साखरेसाठी जोडप्याने घर सोडून जाणे मराठी वाचकाला नवे नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि हंगाम संपेपर्यंत ती फेडावी लागते. बीटाच्या ढिगापाशी उभे असलेले अमेरिकन जोडपे आणि फडातल्या पाचटाच्या कोपीत राहणारे आपले जोडपे यांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. एकाला तासाचे वेतन आहे, दोन आठवड्यांत सुटका आहे, उचलीचा फास नाही. पण दोघांना शेजारी ठेवले की एक गोष्ट स्वच्छ दिसते. फिरणे ही स्वतःहून स्वातंत्र्याची खूण नव्हे. काम नको म्हणता येते की नाही आणि परतायला जागा आहे की नाही, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर प्रवासी आणि स्थलांतरित यांतला फरक ठरतो. आणि अमेरिकेत ही उत्तरे बदलायला एक मोठे आजारपण पुरते. आवडीने निघालेले जोडपे आणि नाइलाजाने निघालेली विधवा वाळवंटात शेजारी-शेजारी गाड्या लावून बसलेली असतात.

ते वाळवंट कोणाचे, हेही विचारले पाहिजे. अमेरिकेच्या भूव्यवस्थापन विभागाकडे साडेचोवीस कोटी एकरांच्या आसपास सार्वजनिक जमीन आहे, बहुतेक पश्चिमेकडे. तिच्यावर पुष्कळ ठिकाणी २८ दिवसांच्या अवधीत १४ दिवस फुकट मुक्काम करता येतो. नंतर जागा बदलायची. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळ याच विभागाने हिवाळाभर राहण्यासाठी जागा राखल्या आहेत आणि त्यांचे हंगामाचे शुल्क शहरातल्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा पुष्कळ कमी असते. दर हिवाळ्यात त्या छोट्या गावाभोवती हजारो गाड्या जमतात. सरकारपासून सुटलो असे मानणारा माणूस तिथे सरकारच्याच जमिनीवर, सरकारच्या नियमाने बसलेला असतो. ही टीका नाही. एखाद्या देशाने आपल्या मोकळ्या जमिनी विकून न टाकता लोकांना राहू-फिरू देण्यासाठी ठेवल्या, हे मोठेच शहाणपण. फक्त त्याचे श्रेय फिरणाऱ्याच्या बेदरकारपणाला देऊ नये.

पत्त्याचेही तसेच. ज्याला घर नाही त्यालाही वाहन परवाना, बँक, विमा, मतदान यांसाठी पत्ता लागतो. म्हणून फुल-टायमर बहुधा साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा यांपैकी एक राज्य निवडतात, कारण तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही. साउथ डकोटात तर एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून परवाना काढता येतो. टपाल सांभाळणाऱ्या संस्था पत्रे गोळा करून असाल तिथे पाठवतात. एस्केपीजची लिव्हिंगस्टनमधली टपालसेवा ही त्यातली नावाजलेली. पण ज्या गावात हजारो मतदार कागदावर राहतात तिथल्या खऱ्या रहिवाशांना राग येणारच. लिव्हिंगस्टनच्या परगण्यात या मतदारांच्या हक्काला आव्हान दिले गेले होते, आणि साउथ डकोटाने २०२३ मध्ये मतदार नोंदणीसाठी किमान ३० दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. फिरणारे म्हणतात, आम्ही इंधनावरचा कर भरतो आणि जाऊ तिथे पैसे खर्च करतो. ते खोटे नाही. पण संघराज्याचा पेट्रोलवरचा कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटच आहे, आणि शाळा, दवाखाने, अग्निशामक दल पेट्रोलच्या करावर चालत नाहीत. जी रुग्णवाहिका मोन्टानात धावून येते ती तिथे घर करून राहिलेल्यांच्या करातून आलेली असते.

हे स्वातंत्र्य सगळ्यांना सारखे मिळालेलेही नाही. रुपेरी ट्रेलरांचे तांडे हा जिथे हौसेचा विषय होता, त्याच देशात १९३६ पासून साठच्या दशकापर्यंत कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी ‘ग्रीन बुक’ नावाची पुस्तिका निघत असे. कुठे झोपायला मिळेल आणि कुठे जेवायला, हे तिच्यात पाहूनच त्यांना निघावे लागे. आजच्या मराठी माणसाची अडचण निराळी आहे. एच-वन-बी व्हिसावरच्या अभियंत्याची नोकरी गेली तर त्याला साधारण ६० दिवसांत दुसरी शोधावी लागते किंवा देश सोडावा लागतो, आणि भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग कित्येक वर्षांची. न्यू जर्सीतले एखादे मराठी जोडपे पंचेचाळिशीत उत्तम पगार घेत असेल, तरी नोकरी सोडून रस्त्याला लागण्याची चैन त्यांच्या कागदपत्रांत बसत नाही.

आता जोडप्याकडे वळू, कारण इतका वेळ मी दोघांना एकच धरून बोलत आलो. प्रत्यक्षात हे स्वप्न बहुधा एकाचे असते आणि दुसऱ्याची संमती. ‘लॉस्ट इन अमेरिका’त घर विकण्याचा, नोकरी सोडण्याचा, मार्गाचा निर्णय डेव्हिडचा आहे. लिंडाच्या जुगाराकडे प्रेक्षक वेडेपणा म्हणून पाहतो. मला तो त्या साऱ्या प्रवासात तिने स्वतःहून घेतलेला पहिला निर्णय वाटतो. अडीच-तीनशे चौरस फुटांत राग धरून बसायला दुसरी खोली नसते. एकाची ऑनलाइन बैठक चालू असली की दुसऱ्याने बाहेर जायचे, मग उन्हाचा पारा कितीही असो. मैत्रिणी, भिशी, शेजार, कार्यालयातले दुपारचे जेवण, यांनी संसाराचा बराच ताण आजवर परस्पर उचललेला असतो. तो सगळा आता दोघांवर येतो.

कामाची वाटणीही तपासण्यासारखी आहे. पुष्कळ ठिकाणी गाडी चालवणे, मागे घेणे, सांडपाण्याची टाकी रिकामी करणे ही पुरुषाची कामे आणि आतले सगळे बाईचे, अशी जुनीच व्यवस्था चाकांवर चढते. मग नवऱ्याला झटका आला की बारा मीटर लांबीचे घर महामार्गालगत उभे आणि ते हलवता येणारे कोणी नाही. दोघांना गाडी चालवता आली पाहिजे आणि दोघांना चूल सांभाळता आली पाहिजे, ही समतेची गोष्ट तर आहेच, त्याआधी ती सुरक्षिततेची आहे.

शेवटी गाडी थांबतेच. पीटरसन दांपत्याच्या क्लबने हे ओळखले. लिव्हिंगस्टनला त्यांनी असे केंद्र उभारले की ज्यांना आजारपणामुळे किंवा वयामुळे प्रवास झेपत नाही ते आपल्याच आरव्हीत राहतात आणि जेवण, देखरेख, शुश्रूषा यांची सोय तिथे होते. आयुष्यभर फिरत राहण्याचा पुरस्कार केलेल्या लोकांना अखेर गाव वसवावे लागले. मला यात त्यांचा पराभव दिसत नाही, उलट त्यांच्या विचाराची प्रौढता दिसते.

आपल्याकडे हा विषय निघाला की कोणीतरी वानप्रस्थाची आठवण काढतो. ती तुलना फसवी आहे. वानप्रस्थात घर पुढच्या पिढीच्या हाती देऊन माणूस निघतो. घर उभेच असते. इथे घर विकले जाते आणि पुढची पिढी दुसऱ्या राज्यात कर्ज फेडत असते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण ते सहलीपुरते आहे. बारा महिने गाडीत राहणाऱ्या मध्यमवयीन जोडप्याला लागणाऱ्या तीन गोष्टी इथे गाडीपेक्षा आधी हव्यात: नोकरी सुटली तरी न सुटणारा आरोग्य विमा, रात्री निर्धास्त थांबता येईल अशी सार्वजनिक जागा, आणि म्हाताऱ्या आईवडिलांची काळजी घेणारी घराबाहेरची व्यवस्था. यातली शेवटची नाही म्हणून आपल्याकडची कितीतरी जोडपी एका आठवड्याच्या सहलीलाही दोघे मिळून जाऊ शकत नाहीत.

म्हणून माझा निवाडा जाण्याच्या विरोधात नाही. पन्नाशीत आयुष्याची दिशा बदलता येते, आणि ६५ ची वाट पाहत गुडघे झिजवण्यापेक्षा ती तेव्हाच बदललेली बरी. पण निघणाऱ्याने घर विकण्यापूर्वी एक वर्ष ते भाड्याने देऊन पाहावे. अनोळखी गावात कोणते काम करता येईल ते लिहून काढावे. विमा कोणत्या राज्यात चालेल ते विचारावे. आणि जोडीदाराला एकट्याने गाडी शंभर मैल नेता येते का ते निघण्याआधी पाहावे. ज्यांना इथेच राहायचे आहे त्यांनी अशा जोडप्यांच्या हिमतीचे कौतुक जरूर करावे, पण ते करून झाल्यावर आपल्या आमदार-खासदाराला एक प्रश्न विचारावा: नोकरी सोडली की माणसाचा दवाखानाही का सुटतो?